बेल्ट फाटत होता, दुखणं चेनकेसमध्ये होतं

पहिला बेल्ट गेला तेव्हा आधी वास आला, टायर पेटवल्यावर येतो तसला. मग फाटकन आवाज झाला आणि सांगलीकराची स्लेड, म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबाइल, चढावर जागच्या जागी बसली. इंजिन ओरडत होतं, पण तिला पुढे ढकलणारा खालचा दातेरी ट्रॅक हलत नव्हता. बाहेर उणे बारा अंश, आणि हुड उघडलं तर आतून धूर. बेल्टच्या चिंध्या सगळीकडे पसरल्या होत्या आणि आतले दोरे शेवयांसारखे प्रायमरी क्लचच्या मागे गुंडाळले गेले होते.

जागा होती वायोमिंगमधली टोगवोटी खिंड. उंची ९,६५८ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळपास पावणेदोन पट. आम्ही चौघे मिनेसोटाहून दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर ट्रेलर ओढत आलो होतो. सांगलीकर म्हणजे माझा सांगलीचा मित्र. नाव लिहू नकोस म्हणाला, म्हणून सांगलीकर. दोन दिवसांत त्याचे तीन बेल्ट गेले. एक बेल्ट दीडशे डॉलरच्या घरात. चौघांपैकी तिघे पेशाने इंजिनिअर, आणि तरीही पहिला दीड दिवस आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो. हे लिहून ठेवण्याचं कारण तेच.

स्नोमोबाइल कधी पाहिली नसली तरी तिच्या आतली यंत्रणा तुमच्या ओळखीची आहे. १९८४ साली कायनेटिक होंडा आली तेव्हा "गिअर नाहीत मग चालते कशी?" हा प्रश्न घरोघरी विचारला गेला होता. तिच्यात जे होतं आणि आज ॲक्टिव्हात जे आहे, तेच इथे आडदांड रूपात असतं. इंजिनच्या क्रँकवर प्रायमरी क्लच. त्यात तीन वजनं असतात. इंजिन फिरलं की ती बाहेर फेकली जातात आणि क्लचच्या दोन तबकड्या एकमेकींजवळ ढकलतात. तबकड्या जवळ आल्या की मधला बेल्ट वर चढतो. दुसऱ्या टोकाला सेकंडरी क्लच, तिथे बेल्ट तितकाच खाली उतरतो. सुटताना इंजिनचे साधारण पावणेचार फेरे झाले की सेकंडरीचा एक होतो. पूर्ण वेगात उलट, इंजिनच्या एका फेऱ्याला सेकंडरी एकापेक्षा थोडी जास्तच फिरते. फरक एवढाच की स्कूटरला क्लच शू वेगळा असतो. इथे ते कामही बेल्टच करतो. इंजिन ३,८०० ते ४,००० आरपीएमला पोचलं की तबकड्या बेल्टला पकडतात, आणि ट्रॅक त्या वेगाला येईपर्यंत बेल्ट घसरत घसरत पकड घेतो. आपण घाटात गाडी हाफ क्लचवर धरतो तसं, फक्त इथे क्लच प्लेट म्हणजे रबराचा पट्टा.

सेकंडरीच्या पुढे, एका बंद डब्यात, दोन स्प्रॉकेट आणि एक चेन असते. हा चेनकेस. त्यातल्या दातांवरून ट्रॅकला शेवटचा गिअर मिळतो. आतली चेन तेलात असते, डबा आवाज करत नाही, बिघडत नाही, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात राहत नाही.

स्लेड ८०० सीसीची, टू-स्ट्रोक, कागदावर १५० अश्वशक्तीच्या आसपास. सांगलीकराने ती दोन वर्षांपूर्वी मिनेसोटातच सेकंडहँड घेतली. जुना मालक गोठलेल्या तलावांवर शर्यती लावणारा गडी. गेल्या शरदात सांगलीकराने डोंगरात जायचं म्हणून दोन इंच उंच दात्यांचा ट्रॅक चढवला. आधीचा सव्वा इंचाचा होता. ट्रॅक बदलला, बाकी काही नाही. बर्फ खोल असेल तर उंच दाते हवेत हे बरोबर, पण उंच दाते म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जास्त बर्फ उपसणं, आणि ते ओझं कुणीतरी वाहायचं असतं.

पहिल्या बेल्टबद्दल कुणाला फार वाईट वाटलं नाही. तो गाडीबरोबर आलेला, बाजू काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. "जुना होता, गेला," असं म्हणून सांगलीकराने जागेवरच नवा टाकला. मी नोज प्लायर घेऊन प्रायमरीच्या मागचे दोरे ओढून काढत बसलो. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नये. एखादा दोरा क्रँकच्या सीलपर्यंत गेला तर बेल्टच्या दीडशे डॉलरवर भागत नाही.

नवा बेल्ट तासाभरात गेला.

इथे आमची एक चूक कबूल करतो. नवा बेल्ट पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर सौम्य वापरायचा असतो, वेग बदलत राहायचा, थ्रॉटल पूर्ण दाबायचा नाही. त्याच्या बाजू तबकड्यांशी जुळून बसायला तेवढा वेळ लागतो. आम्ही तो खोक्यातून काढला आणि थेट चढाला लावला. पण तेवढ्याने बेल्ट तासाभरात चिंध्या होत नाही. आयुष्य कमी होतं, इतकंच.

संध्याकाळी खोलीवर चर्चा. चढावर थ्रॉटल पूर्ण दाबला तरी आरपीएमचा काटा ७,३०० वर अडकत होता, हे सांगलीकराने आता सांगितलं. हे इंजिन ७,९०० ते ८,००० ला पूर्ण ताकद देतं. चौथ्या मित्राने लगेच निदान केलं: वजनं जड आहेत. आणि ते खरंही होतं. उंचीवर हवा विरळ. दर हजार फुटांना इंजिन साधारण तीन टक्के ताकद गमावतं. नऊ-साडेनऊ हजार फुटांवर १५० चे जेमतेम ११० उरतात. वजनं मात्र मिनेसोटाच्या सपाटीची, ६४ ग्रॅमची. अशक्त इंजिनाला ती दाबून ठेवत होती. मित्राच्या पेटीत ५४ ग्रॅमचा संच होता. एका वजनात एक ग्रॅम कमी केला की शंभरेक आरपीएम वाढतात, असा ढोबळ हिशेब सगळेच धरतात. रात्री साडेदहाला, हेडलॅम्पच्या उजेडात, वजनं बदलली. क्लचवरच्या गार्डच्या आतल्या बाजूला कंपनीने उंचीप्रमाणे वजनांचा तक्ता चिकटवलेला होता आणि त्यात या उंचीला ५८ लिहिलं होतं. तो तक्ता आम्ही दुसऱ्या दिवशी वाचला.

सकाळी काटा ८,३०० ला गेला. सांगलीकर खूश. "बघ, कसली उठते आता!" अर्ध्या तासात तिसरा बेल्ट गेला.

या वेळी त्याची चूक नव्हती आणि दैवाचीही नव्हती. हलकी वजनं लावली की इंजिन मोकळं होतं, पण त्याच आरपीएमला तबकड्यांवरचा दाबही कमी होतो. ६४ ऐवजी ५४ म्हणजे सोळाएक टक्के कमी. कमरेएवढ्या बर्फात रुतलेली स्लेड उठवताना, काटा चार ते सहा हजारांत असताना, तेवढा दाब कमी पडला आणि बेल्ट पकड घेण्याऐवजी प्रायमरीवर घासत राहिला. मीटरवरचा आकडा सुधारला आणि बेल्टचं मरण जवळ आलं.

त्यानंतर मात्र मी हट्टाने कुणालाच काही बदलू दिलं नाही. स्लेड ओढत खाली आणली, तिन्ही बेल्ट टेबलावर मांडले आणि बघत बसलो. माझं बालपण कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात काकांच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये गेलं. काका म्हणायचे, आधी तुटलेल्या पार्टला विचार, मग माणसांना. बेल्टही बोलतो. एकाच जागी खाल्ला गेलेला, कंबर बारीक झालेला बेल्ट सांगतो की ट्रॅक अडकलेला असताना कुणीतरी थ्रॉटल दाबून धरला होता. कडेचे दोरे सुटलेला सांगतो की दोन क्लच एका रेषेत नाहीत. आतले दाते उपटलेला सांगतो धक्क्याबद्दल. आमच्या तिन्ही बेल्टच्या उरलेल्या तुकड्यांवर बाजू सलग, पूर्ण लांबीभर भाजलेल्या होत्या, कडक आणि चकचकीत. एका जागचा डाग नाही, कडा शाबूत. म्हणजे एखादा अपघात नव्हे. बेल्ट सतत घसरत होता आणि सतत तापत होता. क्लचची रेषा आणि दोघांमधलं अंतर मोजून पाहिलं, ठीक होतं. रोलर गोल होते. इंजिनचे माउंट घट्ट होते.

खाली ड्युबॉय गावात एक दुकान आहे, तिथला सत्तरीतला मेकॅनिक आमचं सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, की कोणता क्लच जास्त तापतो ते आधी सांगा. आमच्यातल्या कुणीही ते पाहिलं नव्हतं. त्याने पिस्तुलासारखा थर्मामीटर दिला आणि दोन्ही क्लचवर काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका मारायला सांगितला. चकचकीत अॅल्युमिनियमवर हा थर्मामीटर फसतो, खऱ्यापेक्षा कितीतरी कमी तापमान दाखवतो; काळ्या ठिपक्यावर बऱ्यापैकी खरं सांगतो. ही युक्ती मला शाळा-कॉलेजात शिकवली होती. आठवली त्याला.

चौथा बेल्ट टाकून, वजनं ५८ ची करून, पाचच मिनिटं चढ घेतला आणि थांबलो. प्रायमरी ११५ अंश. सेकंडरी ८१.

दोन्ही क्लचवर तोच बेल्ट, तीच ताकद, मग तापमानात एवढी तफावत का? सेकंडरीवर बेल्ट मोठ्या वर्तुळावर बसलेला असतो, आणि तिथे हेलिक्स असतो. हेलिक्स म्हणजे तिरपा कापलेला उतार. ट्रॅककडून जितका जास्त विरोध येईल तितका तो तबकड्या अधिक घट्ट आवळतो. ओझं वाढलं की सेकंडरीची पकड आपोआप वाढते. प्रायमरीला ही सोय नाही. तिच्याकडे फक्त वजनं आणि फेरे. बेल्ट तिच्यावर जितका खाली, लहान वर्तुळावर, तितकं तिचं काम अवघड. म्हणजे प्रश्न असा झाला: हा बेल्ट चढावर इतका खाली का राहतोय? वर चढत का नाही?

त्याचं उत्तर मोजायला डबा उघडावा लागत नाही. बेल्ट काढला, स्लेडचं मागचं टोक स्टँडवर उचललं, ट्रॅकच्या एका दात्यावर आणि सेकंडरीवर खडूने खूण केली. मग सेकंडरी हाताने फिरवत ट्रॅकचा एक पूर्ण वेढा मोजला. हा १४६ इंची ट्रॅक. त्याला ५१ खिडक्या, म्हणजे ओढणाऱ्या चाकाचे दाते अडकतात ती भोकं, आणि त्या चाकाला ८ दाते. म्हणजे एका वेढ्याला त्या चाकाच्या एक्सलचे ६.३७५ फेरे ठरलेलेच. सांगलीकर मोठ्याने मोजत होता. सेकंडरी साडेदहा फेऱ्यांच्या किंचित पुढे गेली आणि ट्रॅकवरची खूण परत वर आली. दोनदा केलं, तेच. भागाकार केला तर गिअर आला १.६६.

डोंगरी स्लेडमध्ये हा आकडा सहसा दोनच्या वर असतो. चेनकेसचं झाकण काढलं आणि वरच्या स्प्रॉकेटचे दात मोजले: २४. खालच्याचे ४०. जुन्या मालकाने तलावावरच्या शर्यतीसाठी गिअर उंच केला होता, म्हणजे वेग जास्त आणि ओढ कमी; विकताना सांगितलं नाही, किंवा सांगण्यासारखं वाटलं नसावं. सांगलीकराने विचारलंही नव्हतं. दोघांनाही दोष देववत नाही. सेकंडहँड गाडी घेताना चेनकेसमधले दात कोण मोजतं?

आता कागदावर हिशेब मांडला. एक्सलच्या एका फेऱ्याला ट्रॅक ५८ सेंटिमीटर सरकतो. खोल बर्फात, चढावर, मीटर साधारण ताशी ६५ किलोमीटर दाखवत होता. तो ट्रॅकचाच वेग. इंजिन ८,००० वर असताना, २४/४० च्या गिअरला हा वेग द्यायचा तर दोन क्लचमधलं गुणोत्तर २.५७ लागतं. वर १९ आणि खाली ४१ दातांची जोडी लावली तर तोच वेग १.९९ ला मिळतो. दोन क्लचमधलं २९ सेंटिमीटर अंतर आणि बेल्टची लांबी धरली तर पहिल्या स्थितीत बेल्ट प्रायमरीवर जेमतेम ५१ मिलिमीटर त्रिज्येवर बसतो, दुसऱ्यात ६२ वर. इंजिन तेच, उंची तीच, तरी बेल्टवरची ओढ सुमारे १९० किलोवरून १५८ वर येते. शिवाय बेल्टची प्रायमरीभोवतीची मिठी १४८ अंशांवरून १५६ अंशांवर जाते. आठ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण पकड मिठीवरच असते.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दुसरा हिशेब, सुटतानाचा. प्रायमरी ३,९०० ला पकड घेते. सर्वांत खालच्या गुणोत्तरात, उंच गिअरवर, बेल्टचं घसरणं थांबायला ट्रॅकला ताशी २१ किलोमीटरपेक्षा जास्त वेग गाठावा लागतो. १९/४१ वर तेच काम सोळा-सतराला होतं. सपाट बर्फावर २१ गाठायला डोळ्याचं पातं लवायलाही वेळ लागत नाही. पण कमरेएवढ्या बर्फात, दोन इंची दात्यांचा ट्रॅक रुतलेला असताना, सोळा आणि एकवीस यांच्यातल्या त्या फटीतच बेल्ट जळत होता. भरलेला ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये हाफ क्लचवर घाटात उठवण्याचा प्रकार. दर वेळी रुतलं की परत तेच, आणि नवशिका माणूस खोल बर्फात दर दहा मिनिटांनी रुततो. मीसुद्धा.

रबराचं गणित क्रूर आहे. व्ही-बेल्ट बनवणाऱ्यांचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंश वाढलं की आयुष्य अर्धं होतं. ८५ आणि ११५ मधले तीस अंश म्हणजे आयुष्य एक अष्टमांश. एका हंगामाच्या बेल्टची दोन-चार दुपार होते, आणि वरून रगडला तर एक तास.

ड्युबॉयच्या दुकानात १९ आणि ४१ ची जोडी निघाली. दातांची बेरीज ६४ वरून ६० वर आली, म्हणून दोन पिचने आखूड चेनही घ्यावी लागली. ही गोष्ट लोक विसरतात आणि मग ताणणाऱ्या बोल्टला दोष देतात. जुनं तेल काढलं, झाकणाच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा पुसला, चेनचा ताण लावला, नवं तेल भरलं. चार तास गेले, त्यातला एक तास मी हातातून पडलेला वॉशर शोधण्यात घालवला. हेलिक्सला हात लावला नाही, सेकंडरीची स्प्रिंग तीच ठेवली. मित्राला ती पण बदलायची होती. एका वेळी एकच गोष्ट बदल, म्हटलं, नाहीतर काय लागू पडलं ते उद्या कसं कळणार? तबकड्या खरखरीत स्कॉच-ब्राइटने घासून अल्कोहोलने पुसल्या, कारण तीन बेल्टचं जळकं रबर त्यांच्यावर साचलं होतं आणि त्यावर नवा बेल्ट घसरणारच.

चौथ्या दिवशी सकाळी पहिले पन्नास किलोमीटर सांगलीकराने गावाजवळच्या तयार वाटेवर निमूट काढले. दुपारी तोच चढ. काटा ७,९५० ला स्थिर. पाच मिनिटांनी थांबून थर्मामीटर लावला: प्रायमरी ८८, सेकंडरी ७९. त्याने स्वतः तीनदा मोजलं. मग काही न बोलता परत वर गेला, आणि वर जाऊन रुतला, पण बेल्ट शाबूत.

माझ्या मते दोषाची वाटणी अशी: मोठा वाटा उंच गिअरचा, त्यावर दोन इंची ट्रॅकचं ओझं. त्यानंतर वजनं, आधी जास्त जड आणि मग घाईने जास्त हलकी. नवा बेल्ट न रुळवणं शेवटी. बेल्टच्या कंपनीचा काडीचा दोष नव्हता, आणि पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यात जास्त शिव्या तिलाच घातल्या होत्या.

याची किंमत मिनेसोटात परत आल्यावर दिसली. तलावावर १९/४१ म्हणजे पूर्ण वेगात बेल्ट प्रायमरीच्या अगदी काठावर जाऊन थांबतो आणि ताशी १६० च्या आसपास सगळं संपतं; २४/४० ला कागदावर २०० च्या वर जागा होती. सपाटीसाठी ६४ ची वजनं परत टाकली, गिअर तसाच ठेवला. मार्चमध्ये मिल लॅक्स तलावावर जुना मालक भेटला आणि सरळ रेषेत त्याने सांगलीकराला आरामात मागे टाकलं. सांगलीकर चिडला नाही. चोवीस दातांचं स्प्रॉकेट त्याने तारेला अडकवून गॅरेजच्या भिंतीवर टांगलंय, पुढच्या हंगामात बदलायचं की नाही हे अजून ठरत नाही.

परवा त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने ड्युबॉयला टाकलेला बेल्ट काढून समोर धरला. नऊशे किलोमीटर झालेत. नवा असताना ३७ मिलिमीटर रुंद होता. मी व्हर्नियर लावला, ३६.४ आला. तीनेक मिलिमीटर झिजला की बदलतात. पण हुडखाली सुटा बेल्ट तो अजून दोन ठेवतो.